माणदेशचा माळ : एका महसुली संज्ञेचा इतिहास

महाबळेश्वरास वर्षाकाठी ५००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून सुमारे दीडशे किलोमीटर पूर्वेस असलेल्या आटपाडीस त्याचा दशांशही क्वचितच लाभतो. पश्चिमेचे ढग सह्याद्रीने अडविले आणि त्याच्या पर्जन्यछायेत माणदेश घडला. महादेवाच्या डोंगररांगेत उगम पावून भीमेस मिळणाऱ्या माण नदीवरून या मुलखास हे नाव मिळाले. तळाशी काळा फत्तर, त्यावर मुरमाचा पातळ थर, कुसळी गवत आणि तुरळक बोरी-बाभळी, असे येथील भूरूप आहे.

या भूमीस लोकभाषेत ‘माळ’ म्हणतात. महसुली दप्तरात तिची नोंद ‘पडीक’ अथवा ‘खराबा’ अशी होते. हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. सन १८३६ मध्ये इंदापुरापासून आरंभ झालेल्या गोल्डस्मिड व विंगेट यांच्या पाहणीने जमिनीची प्रत पाहून सारा ठरविला. नांगरास अयोग्य ती भूमी या हिशेबात निरुपयोगी ठरली. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. १९४८ साली संस्थान विलीन झाले; १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. राज्य व जिल्हा बदलले, तरी जमिनीकडे नांगराच्या बाजूने पाहण्याची दृष्टी पालटली नाही.

वस्तुतः माळ रिकामा नसतो. धनगरांची मेंढरे, खरसुंडीच्या बाजारात नावाजलेली खिलार जनावरे आणि त्यांच्या मागावर असणारा लांडगा, या सर्वांचा निर्वाह त्याच गवतावर होतो. माडगुळ्याचे व्यंकटेश माडगूळकर यांची ‘बनगरवाडी’ (१९५५) दुष्काळाने ओस पडलेल्या वाडीपाशी संपते. गवत संपले की वाडी उठते, हे माळाचे अर्थशास्त्र होय.

२०२३ साली आटपाडीतील ९.४८ चौरस किलोमीटर क्षेत्र ‘संवर्धन राखीव’ म्हणून घोषित झाले. वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आलेल्या या वर्गाच्या व्यवस्थापन समितीत ग्रामपंचायतीच्या प्रतिनिधींस स्थान आहे. क्षेत्र लहान आहे. परंतु शासनाच्या परिभाषेत येथील भूमीस स्वतःचे मूल्य असल्याची ही कबुली आहे. सभोवतालचा माळ मात्र अद्याप ‘पडीक’ याच सदरात मोडतो. पडीक म्हटलेली भूमी नांगरण्यास वा तिच्यावर सरसकट वृक्षलागवड करण्यास कोणी हरकत घेत नाही. म्हणूनच येथे शब्दाचा निर्णय हाच पुष्कळ अंशी भूमीचा निर्णय ठरतो.