केसकर, सिलोन आणि श्रोत्यांची पत्रे

१९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या पदावर राहिले. एकाच खात्यात दहा वर्षे टिकलेले मंत्री आपल्याकडे थोडेच. माणूस मराठी, लोकसभेवर निवडून आलेला उत्तर प्रदेशातून, आणि शास्त्रीय संगीताचा खरा व्यासंगी. त्यांचे नाव आज निघते ते मात्र बहुधा एकाच कारणासाठी : आकाशवाणीवरून चित्रपटगीते घालवणारे मंत्री. हा इतिहास विनोदाने सांगण्याची प्रथा आहे. मला तो प्रशासनाच्या दृष्टीने अधिक गंभीर वाटतो.

घटनाक्रम थोडक्यात असा. चित्रपटसंगीत उथळ होत चालले आहे आणि सरकारी नभोवाणीने त्याला खतपाणी घालू नये, ही केसकरांची भूमिका. प्रथम चित्रपटगीतांचा वाटा कमी करण्यात आला आणि गाणी निवडून, पारखून घेण्याचे ठरले. चित्रपटाचे नाव घेणे म्हणजे फुकटची जाहिरात, म्हणून निवेदनात नाव फक्त गायकाचे येऊ लागले. निर्माते दुखावले आणि त्यांनी प्रसारणाची परवानगीच काढून घेतली. बंदीचा रीतसर हुकूम असा निघालाच नाही. फाइलींवरच्या दोन आडमुठ्या भूमिकांमधून बंदी आपोआप घडली. सरकारी कामकाज जवळून पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही.

श्रोत्याने काय केले? त्याने काटा फिरवला. दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्यासाठी कोलंबोजवळ उभारलेले शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपक १९४९ मध्ये सिलोन सरकारच्या हाती आले होते. त्यांचा आवाज भारतभर स्वच्छ ऐकू येई. ३ डिसेंबर १९५२ रोजी रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. गाणी मुंबईची, निवेदक अमीन सयानी मुंबईचे, ध्वनिमुद्रण मुंबईतले, जाहिरात भारतात खपणाऱ्या दंतमंजनाची; आणि ही सगळी सामग्री विमानाने कोलंबोला जाऊन तिथून परत भारतातल्याच माजघरात येई. आपल्या खात्याच्या हट्टामुळे जाहिरातीचा पैसाही शेजारच्या देशाकडे वळला, हे त्या काळच्या वित्त विभागाला कसे रुचले असेल कोण जाणे. त्या दिवसांतला एक किस्सा सांगतात : दहा घरांची पाहणी केली, तर नऊ रेडिओ सिलोनवर लागलेले आणि दहावा बिघडलेला.

या कार्यक्रमातली मला सर्वांत उद्बोधक वाटणारी गोष्ट गाण्यांची नाही, पत्रांची आहे. आरंभी गीतमाला ही स्पर्धा होती. सात गाणी वाजवायची आणि श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून कळवायचा. पहिल्याच भागाला नऊ हजार पत्रे आली आणि पुढे हा आकडा आठवड्याला पासष्ट हजारांवर गेला, असे सयानी यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे. पत्रे तपासणे अशक्य झाल्यावर त्यांनी स्पर्धा मोडली आणि कार्यक्रमाची घडी लोकप्रियतेच्या क्रमवारीवर बसवली. त्यासाठी तबकड्यांच्या दुकानांतून खपाची माहिती घेतली जाई आणि गावोगावच्या श्रोता संघांच्या याद्या मागवल्या जात. आजच्या झारखंडमधले झुमरी तलैया हे अभ्रकाच्या खाणींचे गाव देशाला ठाऊक झाले ते फर्माइशीच्या पत्रांमुळे. एका खाजगी कार्यक्रमाने केवळ टपालाच्या आधाराने आपला श्रोता कोण, कुठला, त्याला काय हवे, हे जाणून घेतले. आकाशवाणीच्या श्रोत्याचा परवाना तर दरवर्षी सरकारच्याच टपाल कचेरीत निघत होता. सरकारकडे श्रोत्याचा पत्ता होता, आवड नव्हती.

हे केवळ नभोवाणीचे दुखणे नाही. महाराष्ट्राबाहेरच्या एका जिल्ह्यात असताना एका खात्याचे मासिक माझ्या पाहण्यात येई. पुढच्या पानांवर उद्घाटने आणि भाषणे, शेवटच्या पानावर बाजारभाव व नोकरभरतीच्या तारखा. पंचायतींच्या कचेऱ्यांत या मासिकाचे ढीग कोरे करकरीत पडलेले असत, फक्त शेवटचे पान फाडून नेलेले. याहून स्वस्त आणि प्रामाणिक वाचक-पाहणी दुसरी कोणती? ती संपादकांपर्यंत कधी पोचली नाही, कारण संपादक मोजत होते ते छापलेल्या प्रतींचे आकडे.

तरीही केसकरांना सरसकट मोडीत काढायला मी तयार नाही. संस्थाने विलीन झाल्यावर दरबारी गवई-वादकांचा आश्रय संपला होता. त्यांना हक्काचे व्यासपीठ आणि मानधन आकाशवाणीने दिले. जुलै १९५२ मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९५४ पासून आकाशवाणी संगीत संमेलने भरू लागली. श्रोत्यांच्या मतांवर सोपवले असते तर यातले काही झाले नसते, आणि व्हायला हवे होते. चूक शास्त्रीय संगीत देण्यात नव्हती; ते ऐकावे म्हणून दुसरे हिरावून घेण्यात होती.

त्याच दशकात, त्याच खात्याच्या पुणे केंद्रावर एक निराळा प्रयोग झाला. तो मराठी वाचकांना सांगायला नको, पण या चौकटीत तो क्वचितच पाहिला जातो. हे केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले. सीताकांत लाड यांच्या आग्रहातून तिथे १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, ‘गीतरामायणा’चे पहिले गीत वाजले. पुढे वर्षभर, एकूण छप्पन्न गीते. गीतकार ग. दि. माडगूळकर, संगीतकार सुधीर फडके. दोघेही चित्रपटसृष्टीतले कसलेले कलावंत! चित्रपटगीत दाराबाहेर ठेवून चित्रपटाची माणसे सन्मानाने आत घेतल्यावर काय होते, ते घरोघरी दिसले. १९५७ साली सरकारच्याच प्रकाशन विभागाने ती गीते पुस्तकरूपाने काढली. श्रोत्याला गोडवा, सुबोध शब्द आणि पुढच्या आठवड्याची ओढ हवी होती; त्यावर चित्रपटाचा शिक्का असलाच पाहिजे, असे त्याचे म्हणणे नव्हते. दिल्लीला हे पुण्याकडून शिकता आले असते.

दिल्ली अखेर सिलोनकडून शिकली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली, केसकर मंत्री असतानाच. कवी पंडित नरेंद्र शर्मा यांनी तिला नाव आणि आकार दिला. राष्ट्रीय कार्यक्रमाला हात न लावता करमणुकीची वेगळी सेवा उघडण्यात आली, हे मला त्या निर्णयातले शहाणपण वाटते. चित्रपटगीते परतली, सोबत ‘हवामहल’सारख्या नाटुकल्या आल्या, आणि श्रोत्यांची पत्रे हा कार्यक्रमाचाच भाग झाला. पैशाचा प्रश्न सुटायला मात्र आणखी दहा वर्षे लागली. विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या १९६७ साली, मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून.

आणि १९८९ मध्ये, तोवर ‘सिबाका’ झालेली ती गीतमाला, रेडिओ सिलोन सोडून विविध भारतीवर आली.