दहापैकी तीन गुण? घोडे, हंटर आणि स्वस्त चित्रपटांचा इतिहास

१/
गेले काही महिने दर शनिवारी रात्री वसतिगृहाच्या खोलीत आम्ही चौघे जुने, अल्पखर्ची 'वेस्टर्न' आणि स्टंटपट पाहतो व प्रत्येकाला दहापैकी गुण देतो. परवा वाडिया मूव्हीटोनच्या 'डायमंड क्वीन'ला (१९४०) एका मित्राने तीन गुण दिले. कारण एकच : "मारामारी खोटी वाटते." त्या तीन गुणांवरचा वाद पहाटेपर्यंत चालला. हा धागा त्या वादातून निघाला आहे.

२/
आधी अमेरिकेकडे पाहू. १९३०च्या दशकात हॉलीवूडमधील 'पॉव्हर्टी रो' म्हणून ओळखले जाणारे छोटे स्टुडिओ तासाभराचे वेस्टर्न झपाट्याने काढत. त्याच टेकड्या, तोच पाठलाग, तोच शेवट. 'रायडर्स ऑफ डेस्टिनी' (१९३३) हा जॉन वेनचा चित्रपट याच पठडीतला. 'स्टेजकोच' (१९३९) येईपर्यंत तो अशाच स्वस्त चित्रपटांत घोडे दामटीत होता.

३/
त्याच १९३३ साली मुंबईत जे. बी. एच. वाडिया आणि होमी वाडिया या बंधूंनी वाडिया मूव्हीटोनची स्थापना केली. हे घराणे मुंबईच्या गोदीत जहाजे बांधणाऱ्या लवजी नसरवानजींचे. जे. बी. एच. हे डग्लस फेअरबँक्सचे चाहते. मुखवटा, घोडा आणि अन्यायाविरुद्ध उगारलेले शस्त्र हे 'झोरो'चे सारे साहित्य त्यांनी आपलेसे केले.

४/
१९३५ साली होमी वाडियांच्या दिग्दर्शनाखाली 'हंटरवाली' आला. जुलमी वजीर, बंदिवान राजा आणि मुखवटा घालून हंटर उगारणारी राजकन्या माधुरी. चित्रपट घ्यायला वितरक पुढे येईनात, तेव्हा वाडियांनी तो स्वतःच प्रदर्शित केला. तो तुफान चालला. हंटरवालीच्या नावाने पट्टे, चाबूक, आगपेट्या बाजारात आल्या आणि त्यांतल्या बहुतेकांना निर्मात्यांची परवानगीही नव्हती!

५/
माधुरी साकारणारी 'फिअरलेस नादिया' म्हणजे १९०८ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे जन्मलेली मेरी इव्हान्स. सर्कस व रंगमंचावरून ती चित्रपटात आली. 'नंदादेवी' हे नाव आणि काळ्या वेण्यांचा टोप तिने नाकारला. घोडदौड, उड्या, आगगाडीच्या टपावरील झुंजी ती स्वतः करी. संगणकाने पुसता येतील अशा दोऱ्या तेव्हा नव्हत्या. पडली, तर ती खरोखरच पडणार होती.

६/
हे चित्रपट स्वस्त तिकिटांच्या प्रेक्षकांचे होते. परकीय सत्तेखाली चित्रपटांवर अभ्यवेक्षणाची कात्री होती, त्यामुळे सरकारवर थेट टीका अशक्य. परंतु काल्पनिक राज्यातील काल्पनिक वजिराला चाबकाने फोडून काढण्यास कोण हरकत घेणार? 'डायमंड क्वीन'मध्ये तर मुंबईहून शिकून आलेली नायिका गुंडांशी लढता लढता साक्षरतेची आणि स्त्रीस्वातंत्र्याची बाजू मांडते. हा विचार दिवाणखान्यातून नव्हे, घोड्याच्या पाठीवरून आला.

७/
आता एक तुलना. १९३६ साली पुण्यात प्रभातने 'संत तुकाराम' काढला. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्याच १९३६ साली मुंबईत 'मिस फ्रंटियर मेल' आला. पहिल्याला आपल्या इतिहासग्रंथांत प्रकरण मिळते, दुसऱ्याला फार तर एक ओळ. 'संत तुकाराम'ची थोरवी निर्विवाद आहे. पण दोन्ही चित्रपटांचे प्रेक्षक एकाच काळाचे होते आणि इतिहास दोघांचाही असतो.

८/
योगायोग पाहा. १९४२ साली वाडियांची परळची वास्तू व्ही. शांताराम यांच्याकडे गेली आणि तेथे राजकमल कलामंदिर उभे राहिले. ज्या आवारात हंटर कडाडला, तेथेच पुढे 'शकुंतला' आणि 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' घडले. जमीन तीच, प्रतिष्ठा मात्र वेगळी.

९/
गुणांचा प्रश्न येथे गंभीर होतो. भारतात हजाराहून अधिक मूकपट निघाले. आज त्यांतले मोजकेच शिल्लक आहेत. पहिला बोलपट 'आलम आरा' (१९३१) याचीही प्रत उपलब्ध नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, तोवर पुष्कळ काही हातचे गेले होते. नायट्रेटची फीत सहज पेटते आणि काळाने विरघळते. तिला वाचवण्यासाठी कोणाला तरी ती मोलाची वाटावी लागते. 'टुकार' हा शिक्का बसला की जतनाची इच्छाही संपते.

१०/
आमच्या विद्यापीठामागच्या डोंगरात औरंगाबाद लेणी आहेत. तेथील मूर्तीचा हात तुटला म्हणून शिल्पकाराचे गुण कोणी कापत नाही. मग ओरखडे पडलेल्या चित्रफितीला वेगळा न्याय का? अर्थात जुने म्हणून सारे सोनेही नव्हे. 'डायमंड क्वीन'चे कथानक मध्येच रेंगाळते, विनोद शिळा वाटतो. तेही नोंदवले पाहिजे. दया दाखवणे म्हणजे इतिहास नव्हे.

११/
म्हणून आता आम्ही एकाऐवजी चार प्रश्न विचारतो. हा चित्रपट कोणासाठी होता? हाती साधने काय होती? जोखीम कोणी पत्करली? आणि जे उघड बोलता येत नव्हते, ते याने कसे सांगितले? गुण शेवटी देतो. मित्राने तीनाचे सहा केले. मी आठांवरून सातांवर आलो.

१२/
एक विनंती. घरात ऐंशी-नव्वदीतले कोणी असतील, तर त्यांना लहानपणी पाहिलेल्या मारधाडपटांविषयी विचारा. तिकीट किती होते, शिट्टी कोठे वाजली, घरी परतल्यावर कोणता खेळ खेळले, हे लिहून ठेवा. फिती जळल्या, आठवणी अजून आहेत. त्याही फार काळ थांबणार नाहीत.