कॉर्नवॉलमधील जुनीं व्यक्तिनामें

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकास असलेला कॉर्नवॉल प्रांत मूळ भाषेच्या दृष्टीनें इंग्रजी नव्हे. तेथील कॉर्निश भाषा ही वेल्श व ब्रेटन यांची बहीण. इ. स. १७७७ त निवर्तलेली माउसहोल गांवची डॉली पेंट्रीथ ही ती भाषा जन्मतः बोलणारी शेवटची व्यक्ति, असें परंपरेनें मानतात. भाषा गेली तरी नांवें राहिलीं, असें म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु तीं सर्व सारख्याच वयाचीं नाहींत.

डेमेल्झा हें मूळचें एका खेड्याचें नांव. विन्स्टन ग्रॅहम यांनीं १९४५ च्या आपल्या कादंबरींत तें नायिकेस दिलें, आणि तेव्हांपासून तें मुलींचें झालें. डेन्झिल हेंहि स्थलनामच. डेन्झेल येथील घराण्याशीं झालेल्या विवाहसंबंधानें तें हॉलिस घराण्यांत शिरलें. पहिल्या चार्लस राजानें १६४२ त ज्या पांच सभासदांस पकडूं पाहिलें, त्यांतील डेन्झिल हॉलिस तो हाच. जागो हें जेम्सचें कॉर्निश रूप, आणि पास्को हें 'पास्क' म्हणजे ईस्टर या सणावरून. जेनिफर मात्र खरोखर जुन्या मुळाचें आहे: आर्थर राजाच्या राणीचें वेल्श नांव ग्वेनह्विवार, त्याचें हें कॉर्निश रूप; 'ग्वेन' म्हणजे शुभ्र. कॉर्नवॉलबाहेर त्याचा प्रसार होण्यास शॉ यांच्या १९०६ च्या 'द डॉक्टर्स डिलेमा' या नाटकानें मोठा हातभार लावला.

याहून मागें जावयाचें तर बॉडमिन येथील सेंट पेट्रॉकच्या मठांतील शुभवर्तमानांची पोथी पाहावी. ती सध्यां लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहे. दहाव्या व अकराव्या शतकांत कोणी दास मुक्त केला म्हणजे त्याची नोंद या पोथीच्या समासांत व कोऱ्या जागीं, लॅटिन किंवा सॅक्सन भाषेंत, साक्षीदारांच्या नांवांसह होत असे. मुक्ति वेदीपुढें दिली जाई. धर्मग्रंथांत लिहिलेलें कोणी नाकारणार नाहीं, हा हेतु उघड आहे. या नोंदींत मुक्त झालेल्यांचीं नांवें बहुतांशीं कॉर्निश, व मुक्त करणारांचीं बहुतांशीं सॅक्सन आहेत. कॉर्निश व्यक्तिनामांचा हा सर्वांत मोठा प्राचीन संग्रह आपल्या हातीं आला, तो दासांमुळें!

त्यांत मेदग्विस्तिल नांवाची एक स्त्री व तिचीं अपत्यें आहेत. 'ग्विस्तिल' म्हणजे ओलीस. वेल्श व ब्रेटन नांवांतहि हा अवयव आढळतो. एका मुलाचें नांव ब्लेद्युद. त्याचा पहिला अवयव 'ब्लेद' म्हणजे लांडगा. दुसऱ्याचें नांव बिर्ख्तिलिम. हें कॉर्निश नव्हे. सॅक्सन बेओर्ह्तहेल्म हेंच कॉर्निश जिभेवर असें झालेलें दिसतें. म्हणजे आई कॉर्निश नांवाची, एक मुलगा कॉर्निश नांवाचा व दुसरा सॅक्सन नांवाचा, आणि सगळीं दास्यांत.

यावरून कॉर्निश नांव म्हणजे दासाचें नांव असें मात्र ठरवूं नये. साक्षीदार पुरोहितांतहि तीं नांवें आहेत. एड्गर राजाच्या (९५९–९७५) दानपत्रांत जमीन मिळविणारा एक गृहस्थ वुल्फ्नोथ रुमंकंत असा येतो. पहिलें नांव सॅक्सन, दुसरें कॉर्निश. घरीं त्यास रुमंकंत म्हणत असावेत, आणि राजाच्या दरबारीं वुल्फ्नोथ. पत्र राजाचें असल्यानें सॅक्सन नांव आधीं लिहिलें गेलें.