फेफरं नव्हे, काळजाचा उशीर

मी मूळचा मुरुडचा, लातूर-बार्शी रस्त्यावरच्या. लहानपणी गावात पोरगं पळता पळता पडलं, की म्हातारी माणसं म्हणायची, "फेफरं आलं, कांदा हुंगवा." पोरगं उठायचं, धूळ झटकायचं. आजची गोष्ट मात्र न उठलेल्या पोरांची.

१८५६ साली जर्मन डॉक्टर मायस्नर यांनी एका मूकबधिर मुलीची नोंद केली. शाळेत सगळ्यांसमोर बोलणी बसली, ती कोसळली आणि गेली. आईबापांना कळवलं, तर त्यांना नवल वाटलं नाही. तिची दोन भावंडं अशीच गेली होती, एक भीतीनं, एक संतापाच्या भरात. तेव्हा ईसीजी नव्हता. गोष्ट तिथंच थांबली.

शंभर वर्षांनी, १९५७ साली, नॉर्वेच्या येर्वेल आणि लांगे-नील्सन यांनी एक कुटुंब मांडलं. सहा लेकरांपैकी चार जन्मतः बहिरी, चौघांनाही बेशुद्धीचे झटके. तिघं गेली, ४, ५ आणि ९ वर्षांची. आता ईसीजी होता, आणि त्यावर क्यूटी अंतर फार लांबलेलं दिसलं.

हे क्यूटी म्हणजे काय? प्रत्येक ठोक्याला हृदयाच्या पेशींत वीज खेळते. मग पोटॅशियम बाहेर पडून पेशी पूर्ववत होतात, पुढच्या ठोक्याला तयार. या सगळ्याला लागणारा वेळ म्हणजे क्यूटी. सावरायला उशीर झाला आणि त्यातच अवेळी ठोका पडला, तर हृदय नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसतं थरथरतं. मेंदूला रक्त मिळत नाही, माणूस पडतो, झटकेही येतात. बघणाऱ्याला ते फेफरंच वाटतं.

पण बहिरेपण कशाला? उत्तर १९९७ मध्ये मिळालं. पोटॅशियमची तीच वाट आतल्या कानातही लागते. सदोष जनुक आई आणि वडील दोघांकडून आलं, तरच हा बहिरेपणाचा प्रकार होतो. आपल्याकडं मामाच्या पोरीशी लग्न जुनंच. नात्यातल्या लग्नात असं जुळायची शक्यता वाढते. दोष एकाच बाजूनं आला, तर ऐकू नीट येतं, पण क्यूटी लांबू शकतं. १९६३-६४ मध्ये रोमानो आणि वॉर्ड यांनी अशी कुटुंबं नोंदवली.

आज यावर बीटा ब्लॉकर गोळ्या आहेत. काही औषधं क्यूटी आणखी लांबवतात, ती टाळता येतात. पण आधी शंका यायला हवी.

म्हणून मंडळी, पळताना, घाबरल्यावर पोरगं पडत असेल, बहिरं असेल, घरात कुणी तरणंताठं अचानक गेलं असेल, तर डॉक्टरांना हे सगळं सांगा आणि एक ईसीजी काढून घ्या. मायस्नरच्या काळातल्या त्या आईबापांना सगळं माहीत होतं. विचारणारं कुणी नव्हतं.