दहशतवादावर कादंबरी काय सांगते? सोलापूरपासून समजून घ्या

बॉम्बस्फोट झाला की बातमी सांगते : कुठे झाला, किती जण गेले, कुणी केला. पण ज्यांचं आडनाव आरोपीच्या आडनावासारखं असतं, त्यांच्या घरात पुढे काय होतं? कथा-कादंबरी तिथून सुरू होते.

सोलापूरचा संबंध काय?

सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू कानावर पडतात. याच शहरात १९९० साली पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं. सोलापूरचे विचारवंत प्रा. फकरुद्दीन बेन्नूर यांचा त्यात पुढाकार होता. मुसलमान म्हटला की त्याची भाषा उर्दूच, हा समज या लेखकांनी खोडून काढला. आम्ही मराठी आहोत आणि मुसलमानही, असं ते सांगत होते.

तीन वर्षांतच या म्हणण्याची कसोटी लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत दंगली झाल्या. १२ मार्च १९९३ च्या साखळी स्फोटांत २५७ जणांचा बळी गेला. त्यानंतर नावावरूनच माणसाकडे संशयाने पाहणं वाढलं.

कोणती पुस्तकं वाचाल?

इंधन (१९६५) : हमीद दलवाईंची कादंबरी. यात दहशतवाद नाही. कोकणातल्या एका गावात धार्मिक तेढ कशी पेटते, ते आहे. वर्षानुवर्षं शेजारी राहिलेली माणसंच एकमेकांसमोर उभी ठाकतात.

गॉड्स लिटल सोल्जर (२००६) : 'सात सक्कं त्रेचाळीस' लिहिणाऱ्या किरण नगरकरांची इंग्रजी कादंबरी. मुंबईचा झिया अतिरेकाकडे वळतो. पुढे तो धर्म बदलतो, पण कट्टरपणा सुटत नाही. म्हणजे रोग एका धर्माचा नाही, 'मीच बरोबर' या खात्रीचा आहे.

द रिलक्टंट फंडामेंटलिस्ट (२००७) : पाकिस्तानी लेखक मोहसिन हमीद यांची कादंबरी. न्यूयॉर्कमध्ये नोकरी करणाऱ्या चंगेझचं आयुष्य ९/११ नंतर बदलतं. लाहोरमध्ये तो एका अमेरिकन माणसाला आपली गोष्ट सांगतो. कोण कुणाला घाबरतंय, हे शेवटपर्यंत स्पष्ट होत नाही.

मग कादंबरी हिंसेचं समर्थन करते का?

नाही. माणूस तिथवर कसा पोहोचला हे समजून घेणं वेगळं आणि त्याला माफ करणं वेगळं. गुन्हा कुणाचा, हे ठरवायला न्यायालय आहे. पण गुन्हा एकाचा आणि संशय सगळ्या मोहल्ल्यावर, असं होतं तेव्हा त्याची नोंद कुठल्याच निकालपत्रात सापडत नाही. ती कथा-कादंबरीत सापडते.