दोन किल्ल्यांमधली जागा

मस्कतच्या माबेला भागातल्या घरी जुन्या मस्कतचा फोटो भिंगाखाली धरला, की आधी मिरानी आणि जलाली शोधतो. हे किल्ले जागचे हललेले नाहीत. मागच्या डोंगराची रेघही तीच. त्यांच्या मधे, अगदी पाण्याला टेकून, व्हरांड्यांची दुमजली इमारत दिसते: ब्रिटिश वकिलात. तिच्या अंगणातल्या ध्वजस्तंभाला मिठी मारणारा गुलाम मुक्त होई. त्या काठीवर माझं भिंग फार वेळ रेंगाळतं. आता इमारत नाही. शेजारी १९७२ साली नव्यानं बांधलेला अल् आलम राजवाडा आहे.

आमच्या मुंबईचा कोटही असाच १८६०च्या दशकात पडला. चर्चगेटचा दरवाजा गेला, त्याच्याच आसपास फ्लोरा फाउंटन आलं. पण स्टेशनानं नाव तरी जपलं. मस्कतच्या या फोटोमागे काहीच लिहिलेलं नव्हतं. मी पेन्सिलीनं वकिलातीचं नाव लिहिलं.