नवशिक्यांसाठी कॅनन आर५०: कॅमेरा छोटा, फोकस पक्का, पण खरेदीआधी काय तपासायचं?

मोबाइलवरच्या फोटोंवर समाधान होईनासं झालं, की घरात 'चांगला कॅमेरा' घेण्याचा विषय निघतो. कॅननचा ईओएस आर५० हा अशा खरेदीदारांसाठीच बनवलेला छोटा मिररलेस कॅमेरा. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो जाहीर झाला. शिकण्यासाठी तो उत्तम आहे. मात्र तोच घेऊन लगेच लग्नाच्या ऑर्डरी घ्यायचा विचार असेल, तर हिशेब वेगळा होतो.

मिररलेस म्हणजे काय?
डीएसएलआरमध्ये आरशावरून आलेला प्रकाश डोळ्याला दिसतो. मिररलेसमध्ये हा आरसाच नसतो. सेन्सरवर पडणारं चित्र थेट स्क्रीनवर किंवा व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं. फोटो काळपट येणार की पांढरा पडणार, हे बटण दाबण्याआधीच कळतं. शिकणाऱ्याला याचा मोठा फायदा होतो.

जमेच्या बाजू
बॅटरी आणि कार्ड धरून कॅमेऱ्याचं वजन ३७५ ग्रॅम आहे. सोबतची १८-४५ मिमी लेन्स १३० ग्रॅमची. म्हणजे सगळं मिळून अर्धा किलोच्या आसपास. गळ्यात अडकवून दिवसभर यात्रेत फिरलं तरी मान दुखत नाही.

सेन्सर एपीएस-सी आकाराचा, २४.२ मेगापिक्सेलचा आहे. मोबाइलच्या सेन्सरपेक्षा तो कितीतरी मोठा. खरं बळ मात्र फोकसमध्ये आहे. माणसाचा डोळा, कुत्रा, मांजर, पक्षी, गाडी हे कॅमेरा स्वतः ओळखतो आणि विषय हलला तरी फोकस धरून ठेवतो. अंगणात पळणाऱ्या पोराचा फोटो म्हणूनच जमतो.

स्क्रीन बाहेर काढून फिरवता येते. फोर-के व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमपर्यंत निघतो आणि बाहेरचा माइक जोडायची सोय आहे. बॅटरी यूएसबी-सीवरून चार्ज होते.

उणिवा कोणत्या?
पहिली अडचण किट लेन्सची. झूम पूर्ण केल्यावर तिचं अ‍ॅपर्चर एफ/६.३ वर येतं. देवळाचा गाभारा, कमी उजेडाचं कार्यालय, रात्रीची मिरवणूक अशा ठिकाणी आयएसओ वाढवावा लागतो आणि फोटोत दाणे येतात. एफ/१.८ ची ५० मिमी लेन्स त्याच्या सुमारे १२ पट प्रकाश आत घेते. पण या कॅमेऱ्यावर ती ८० मिमीसारखी वागते. एकट्याच्या फोटोला झकास, छोट्या खोलीतल्या ग्रुप फोटोला अडचणीची.

दुसरी गोष्ट, कॅमेऱ्याच्या बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही. किट लेन्समध्ये ते आहे, पण ५० मिमी एफ/१.८ मध्ये नाही. हात हलला, तर फोटोही हलतो.

तिसरी गोष्ट फ्लॅशची. छोटा फ्लॅश कॅमेऱ्यातच आहे. पण वरच्या शूवर जुन्या पद्धतीचा फ्लॅश थेट चालत नाही, एडी-ई१ हा अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो. घरात जुना फ्लॅश पडून असेल, तर हा खर्च आधीच धरावा.

कार्डचा खाचा एकच आहे. कार्ड बिघडलं तर दुसरी प्रत नसते. घरच्या सहलीत हे चालून जातं, दुसऱ्याच्या लग्नात नाही. हेडफोनची जागा नाही, त्यामुळे आवाज नीट येतोय का हे चित्रीकरण करताना ऐकता येत नाही. पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटरवर सेकंदाला १५ फोटो निघतात खरे, पण जोरात फिरणारी ढोलाची काठी वाकडी दिसू शकते आणि एलईडीच्या उजेडात पट्टे उमटू शकतात.

पावसापासून संरक्षण देणारं सीलिंगही नाही. आंबोली घाट असो की गोव्यातला जुलै, प्लास्टिकचं कव्हर आणि कोरडा नॅपकिन सोबत हवाच.

लेन्स घेताना
कॅननच्या जुन्या डीएसएलआरच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स अडॅप्टर लावून चालतात. ईएफ-एम लेन्स चालत नाहीत. २०२४ पासून सिग्मा आणि टॅमरॉनच्याही काही लेन्स या माउंटसाठी आल्या आहेत. कमी उजेडासाठी सिग्माची १८-५० मिमी एफ/२.८ हा चांगला पर्याय आहे.

दुकानात जाण्याआधी
नावात घोळ होऊ देऊ नका. आर१०० स्वस्त आहे, पण त्याची स्क्रीन फिरत नाही आणि तिला टचही नाही. आर५० व्ही हा मुख्यतः व्हिडिओसाठी आहे, त्याला व्ह्यूफाइंडर नाही.

जीएसटीचा दर सगळ्या राज्यांत सारखाच असतो. त्यामुळे बेळगाव, पणजी, कोल्हापूर किंवा इंदूर, कुठेही घेतला तरी करात फरक पडत नाही. फरक पडतो तो दुकानदाराच्या सवलतीत आणि बिलात. 'बिलाशिवाय स्वस्त' देतो म्हटलं, तरी वॉरंटीच्या वेळी तोच सौदा महाग पडू शकतो. बिलावर कॅमेऱ्याचा सिरियल नंबर लिहून घ्या आणि वॉरंटी भारतातली आहे ना, हे विचारा.

मग घ्यावा का?
घरचे कार्यक्रम, प्रवास, यूट्यूबचे व्हिडिओ आणि फोटोग्राफी शिकणं यासाठी आर५० पुरेसा आहे. बजेट ठरवताना मात्र सगळे पैसे बॉडीवर घालू नका. दुसरी लेन्स, जादा बॅटरी आणि चांगलं कार्ड यांचे पैसे आधी बाजूला काढा. धंदाच करायचा असेल, तर दोन कार्डांची सोय असलेल्या कॅमेऱ्यासाठी थोडं थांबणं शहाणपणाचं.